केहिंदेची बाहुली

वेग: दहापैकी दहा.

लागोसहून आलेल्या फोलारिन नावाच्या सॉफ्टवेअर विक्रेत्यानं आमच्या कसावा-कंदाच्या पिठाच्या कारखान्याची सगळी माहिती जेवणाच्या सुट्टीआधी एका पडद्यावर आणून दाखवली. पगाराच्या याद्या मुख्य कचेरीत, रजा वह्यांत, वजनकाट्याचे आकडे कुणाच्या तरी फोनमध्ये, अशी आमची दैना. ही माहिती कुठल्या प्रणालीत एकत्र ठेवायची हे ठरवायला समिती नेमली होती. शर्यतीत दोघं होते: फोलारिन, आणि इबादानच्या एक बाई. बाईंची प्रणाली शंका आली की थांबायची आणि माणसाला विचारायची, म्हणून सगळ्यांना ती रटाळ वाटली. समितीत मी होतो, गुणांचा कागद माझ्याकडे. मी इदोवू, गोदाम सांभाळतो.

स्वच्छता: दहापैकी…

थांबा.

फोलारिन म्हणाला की सात डुप्लिकेट सापडलेत, एकेक माणूस दोनदा, आणि जादा नोंद काढूनही टाकलीय. व्यवस्थापक अडेग्बिते खूश झाले. भुतं पकडली म्हणाले, पगार खाणारी.

पहिलं भूत माझी बहीण होती. केहिंदे, वाळवणी विभाग. तिची जुळी ताइवो प्रयोगशाळेत. आडनाव एक, जन्मतारीख एक, घर एक. बाकीची सहाही अशीच जुळ्यांतली. अहो, पण नावं वेगळी आहेत, मी म्हणालो. तर पहिलं नाव त्यानं धरलंच नव्हतं. आमच्याकडे पगाराच्या यादीत चर्चमधलं नाव असतं आणि रजेच्या वहीत घरचं, तेव्हा नावावर विसंबू नये, असा त्याचा हिशेब.

आणि हे कुठे? इग्बो-ओरात. गल्लीत हाक मारली की सारख्या तोंडाची दोन माणसं वळून बघतात, त्या गावात. परका असता तर सोडून दिलं असतं. हा आमच्यातलाच, योरुबा होता.

शुक्रवारी कायम होणाऱ्यांची यादी याच पडद्यावरून मुख्य कचेरीला जाणार होती. केहिंदेनं त्या यादीसाठी वर्षानुवर्षं पांढरी धूळ गिळली होती. मी तोंड उघडलं तर अडेग्बिते म्हणाले, "इदोवू, तू तिचा भाऊ. यात तू बोलायचं नाहीस."

जुळ्यांच्या पाठचं मूल, म्हणजे इदोवू, हट्टी निघतं असं आमच्यात म्हणतात. मी बोललो नाही. घरी जाऊन आईला सांगितलं.

दुरुस्तीची सोय:

या रकान्यात आईच लिहावी लागेल.

दुसऱ्या दिवशी ती सरळ बैठकीत आली. गावात तिला सगळे इया इबेजी म्हणतात, जुळ्यांची आई. आम्ही उठलो. फोलारिननं वाकून जमिनीला हात लावला. तिनं आशीर्वाद दिला नाही. कमरेच्या कापडातून वीतभर लाकडी बाहुली काढली आणि त्याच्या लॅपटॉपवर उभी केली. शेजारी उकडलेल्या चवळीचा वाडगा ठेवला.

"जुळ्यातलं एक गेलं की त्याची बाहुली कोरून सांभाळतात, माहीत आहे ना? का तेही खोडलंत? ही माझी केहिंदे. तुम्ही मारलीत, आता तुम्हीच सांभाळा. रोज न्हाऊ घाला. दुपारी भरवा. पाम तेल जरा सढळ हातानं, तिला कोरडं आवडत नाही."

"इया इबेजी, हे ऑफिस आहे," अडेग्बिते म्हणाले. "आणि तुम्ही तर चर्चला येता."

"येते. तुमच्याच मागच्या बाकावर बसते. शेजारी केहिंदे असते. भूत वाटली का?"

तेवढ्यात केहिंदे दारात आली, डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरी. "आई, मी कामावर आहे गं."

"तू गप्प. तू मेलीयस."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. फोलारिन समजावू लागला की कुणी गेलेलं नाही, नुसती नोंद गेलीय, आणि पहिली, म्हणजे ताइवोची, ठेवलीय.

"पहिली?" आईचा आवाज चढला नाही, उतरला. "जग कसं आहे ते बघून ये म्हणून ताइवोला पोटातून पुढे धाडली कुणी? केहिंदेनं. थोरली ती. थोरलीला पुसून धाकटी ठेवलीस. तुझ्या आईला हे सांग, आणि मग बघ ती तुला जेवायला वाढते का."

मी फोलारिनला विचारलं, नाव परत घालता येईल? येईल, तो म्हणाला. पण पुढच्या वेळी प्रणाली साफसफाई करेल तेव्हा पुन्हा जाईल.

ओळख: शून्य. कागद मी अडेग्बितेंसमोर सरकवला.

बाहुली उचलायला कुणाचा हात पुढे होईना. मग चर्चमध्ये दानपेटी फिरवणाऱ्या अडेग्बितेंनीच एका बोटानं चवळीचा वाडगा तिच्याजवळ ढकलला. म्हणाले, इबादानच्या बाईंना बोलवा. शुक्रवारची यादी हातानं लिहा.

केहिंदेचं नाव मी सगळ्यात वर लिहिलं. मग आईला म्हणालो, झालं, आता घे तुझी बाहुली.

आईनं हात लावला नाही.

"अजून सहा जणांना मारलंय ना यांनी? ही एकटी कशी सोबत देईल सगळ्यांना? कोरणाऱ्याला आणखी सहा सांगून आलेय. नावं लिहून होईपर्यंत चवळी रोज येईल."