ओयदीनच्या लग्नातली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. अंगावर लाल फुलं, वर लोखंडी पट्ट्या. फरगाण्याच्या सुताराने मला घडवलं आणि माझी मालकीण ओयदीन हिच्या लग्नात मी तिच्याबरोबर माहेरगावालगतच्या कालव्यापलीकडे, किर्गिझ गावात आले. तेव्हा दोन्हीकडे एकच देश होता. पुढे देश दोन झाले, कालव्यालगत तारेचं कुंपण आलं. ओयदीनचा जुना पासपोर्ट माझ्या पोटात तसाच राहिला. परक्या देशात संसार केला म्हणून माहेरच्या देशाने तिचं नाव खोडलं. बाहेरून आलेली म्हणून सासरच्याने लिहिलंच नाही.

पलीकडे तिची आई अंथरुणाला खिळली होती. भेटायला जायचं तर नागरिकत्वाचं कार्ड हवं. ओयदीन माझ्यावर डोकं टेकून रडायची. मी मेली लाकडाची, काय करणार!

कार्ड अडलं कशावरून? इथे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. सासऱ्यांचं नाव तेमिर, म्हणजे लोखंड. ओयदीन माझ्या पट्ट्यांनाही 'ते कडक' म्हणायची! नवरा वारलेला, त्यामुळे कचेरीत हिलाच विचारलं, "सासऱ्यांचं नाव सांगा." बाई गप्प. साहेबाला वाटलं, लग्नच खोटं. दोनदा अर्ज परत आला.

मग एका सकाळी तिचा अर्ज लढवणाऱ्या वकीलबाई घरीच आल्या, माझ्यावरच्या गोधड्यांना टेकून बसल्या.

"शेवटचं विचारते, ओयदीनताई. कचेरीत ते तुमच्याच तोंडून हवं. सासऱ्यांचं नाव?"

ओयदीन गोधडीची घडी नीट करू लागली. तिची सासू, बातमाआपा, जन्मभर टोमणे मारणारी. ती कडाडली, "अगं बये, तीस वर्षं माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्यास, आणि आत्ता बरी गरीब गाय झालीस! घे नाव!"

"आपा, पाप लागेल हो."

"लागू दे मला. वर गेल्यावर त्यांना सांगेन, मीच घ्यायला लावलं. आई वाट बघतेय ना तुझी?"

"तेमिर," ओयदीन म्हणाली आणि तिला हुंदका फुटला. सासूने तिला जवळ ओढलं. मला फार बरं वाटलं.

चार महिन्यांनी कार्ड आलं. ओयदीन माहेरी जाऊन आली, तेव्हा सासूने विचारलं, "काय म्हणाली गं आई?"

"म्हणाली, उशीर केलास. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली."

मित्रांनो, माझ्या पट्ट्या गंजल्या तरी चालेल. पण तुमच्या घरी लग्न होऊन कुणी आली असेल, तर तिच्या कागदांची हयगय करू नका. कुंपण आल्यापासून कालव्यापलीकडच्या आईजवळ पोचायला माझ्या ओयदीनला अकरा वर्षं लागली.