घुबडाच्या डोक्यावरचा फ्लिकर

फोटो १ : घुबड स्पष्ट, पक्षी नाही

घुबड प्लास्टिकचं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मुनीर परकारचं सगळं वाटोळं हे उशिरा कळल्यामुळेच झालं.

गेल्या वर्षी, आखातातल्या इंटरनॅशनल सिटीत, जिथे इमारतींच्या गटांना देशांची नावं आहेत, त्यातल्या रशिया क्लस्टरमध्ये, समोरच्या इमारतीच्या कठड्यावर त्याला ते दिसलं. त्याने फोटो काढून पक्षी बघणाऱ्यांच्या मराठी ग्रुपवर टाकला : ‘वाळवंटी घुबड, घरबसल्या!’ ग्रुप सहा जणांचा. ॲडमिन राजाभाऊ, पुण्याचे, शिस्तीचे. त्यांनी टाळ्या पाठवल्या. तिसऱ्या दिवशी अर्चनाने विचारलं, “याच्या पायात स्क्रू का आहे?”

कबुतरं पळवायला लोक बाल्कनीत असली घुबडं बसवतात, हे मुनीर सोडून सगळ्या क्लस्टरला ठाऊक होतं. राजाभाऊंनी आधी टाळ्या डिलीट केल्या, मग मुनीरला काढलं. त्याच दिवशी नियम झाला : स्पष्ट फोटो नाही तर पक्षी नाही, आणि पक्षी नाही तर माणूस नाही.

ग्रुप गेल्याचं त्याला एवढं वाटलं नाही. पण दर रविवारी पहाटे राजाभाऊंची गाडी तळ्यावर जायची, आणि तिच्या मागच्या सीटवरची मधली जागा मुनीरची होती. एका अंगाला सुजीत, दुसऱ्या अंगाला अर्चना, पुढे राजाभाऊंशेजारी राजन, मांडीवर सगळ्यांचे डबे, पायांना मुंग्या. आठवडाभर ऑफिसात एसीचे डक्ट आखणारा मुनीर त्या जागेवर जगत होता. आता तिथे ट्रायपॉड बसायचा. पट्टा लावून.

हाफिजाने, त्याच्या बायकोने, ड्रॅगन मार्टमधून तस्संच घुबड आणलं आणि आपल्या बाल्कनीत बसवलं.

“कबुतरांसाठी,” ती म्हणाली. आणि आत जाऊन बराच वेळ हसली.

फोटो २ ते ४० : घुबड स्पष्ट, पक्षी पुसट

जानेवारीत एका सकाळी त्या घुबडाच्या डोक्यावर फ्लिकर येऊन बसला.

फ्लिकर हा अमेरिकेतला सुतार पक्षी. तपकिरी पाठ, ठिपक्यांचं पोट, छातीवर काळी चंद्रकोर. उडाला की पंखांखाली हळद सांडल्यासारखी दिसते. तो अमेरिका सोडून जात नाही. रशियात तर नाहीच नाही. पण पोकळ प्लास्टिक त्याला मनापासून आवडलं. टर्र्र्र्र! सगळा क्लस्टर दणाणला. मग तो खाली उतरून कुंड्यांतल्या मुंग्या खायला लागला.

“अब्बा, इट्स हिटिंग द फेक वन,” मुलगी माहनूर दात घासता घासता म्हणाली.

रोज सकाळी आठला तो यायचा आणि मुनीर रोज फोटो काढायचा. कॅमेरा नवा, हुशार. समोर पक्षी दिसला की त्याचा डोळा आपण होऊन शोधणारा. घुबडाचे डोळे लिंबाएवढे. कॅमेऱ्याला दुसरं काही दिसेचना. मुनीरने घुबड पाठमोरं केलं, पण त्याची मान वाऱ्याने फिरेल अशीच बनवलेली होती. पहिल्या टोचीला ती गर्रकन वळून कॅमेऱ्याकडे बघायची. हाताने फोकस करायचा तर चष्मा काढावा लागे, आणि चष्मा काढला की फ्लिकरच काय, बाल्कनीही पुसट.

“अहो, त्याचे डोळे बांधा,” हाफिजा म्हणाली.

ती थट्टा करत होती. मुनीर संध्याकाळी ससाण्यांच्या दुकानात गेला.

फोटो ४१ : घुबड, टोपी घालून

दुकानदार भला माणूस. त्याने ससाण्याचे डोळे झाकायची सगळ्यात मोठी चामडी टोपी काढली आणि विचारलं, “तुझा पक्षी चावतो का, हबीबी?”

“बिलकुल नाही,” मुनीर म्हणाला. “फार शांत आहे.”

दुसऱ्या दिवशी फ्लिकर आला, त्याने टोपीवर चोच मारली. थप. परत थप. त्याने मुनीरकडे असं बघितलं की मुनीरने माफी मागितली. टोपी निघाली.

फोटो ४२ : घुबड स्पष्ट, पक्षी पुसट

हा त्याने हारुनला पाठवला. हारुन रत्नागिरीचा, शारज्यात राहायचा, ग्रुपमध्ये असूनही मुनीरशी बोलायचा.

“मुनीरभाई, परत घुबड?”

“त्याच्या डोक्यावर बघ!”

“डोक्यावर भजी ठेवलीय का?”

पण हारुनने निरोप पोचवला. राजाभाऊंचं उत्तर आलं : ‘अशक्य. शनिवारी साडेसातला येतो.’

फोटो ४३ ते ११७ : पाच कॅमेरे

राजाभाऊ, राजन, सुजीत, अर्चना. चौघं बाल्कनीत दाटीवाटीने बसली. हारुन शारज्याच्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये होता. हाफिजाने घावणे केले. राजाभाऊंनी बोटाने घुबड वाजवून बघितलं.

“हेच ते?”

“नाही, ते समोरचं. हे आमचं.”

“म्हणजे दोन झाली,” राजाभाऊ म्हणाले. “आणि अमेरिकेहून हा आला कसा?”

“जहाजातून आला असेल. माझा आजा लाँचमधून आला होता, त्यालाही कुणी विचारलं नाही.”

आठ वाजले. हळद चमकली. टर्र्र्र्र!

“आई शप्पथ,” राजाभाऊ म्हणाले. गेल्या वीस वर्षांत त्यांना असं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. पाच कॅमेरे कडकडले. स्क्रीनकडे न बघताच राजाभाऊंनी फोटो ग्रुपवर टाकला : ‘फ्लिकर!!! रशिया क्लस्टर!!!’

हारुन, ट्रॅफिकमधून : ‘राजाभाऊ, हे प्लास्टिकचं आहे ना?’

मग सगळ्यांनी आपापले स्क्रीन बघितले. पाच घुबडं. प्रत्येकाच्या डोक्यावर पुसट डाग.

“पण आपण सगळ्यांनी बघितला ना!” अर्चना म्हणाली.

“बघितला,” राजाभाऊ म्हणाले. “फोटो कुठाय?”

“जाऊ द्या हो. नियम कुणी केला?”

“मी,” राजाभाऊ म्हणाले, आणि चष्मा पुसून फोन हातात घेतला.

राजाभाऊंनी अर्चनाला काढलं.
राजाभाऊंनी सुजीतला काढलं.
राजाभाऊंनी राजनला काढलं.
राजाभाऊ बाहेर पडले.
हारुन आता ॲडमिन आहे.

घावणे गार झाले होते. सगळ्यांनी ते तसेच खाल्ले. निघताना राजाभाऊ दारात थांबले.

“उद्या सहाला खाली ये. ते घेऊन ये.”

“काय?”

“तो त्यालाच येतो ना? मग तेच न्यायचं.”

फोटो : नाही

रविवार. मागची सीट. एका अंगाला सुजीत, दुसऱ्या अंगाला अर्चना, मांडीवर चार डबे आणि डब्यांवर घुबड. ट्रायपॉड डिकीत. मुनीरच्या पायांना मुंग्या आल्या होत्या आणि त्याला त्या घालवायच्या नव्हत्या.

दिवसभर भटकायचं ठरलं होतं. तळ्यावर फ्लिकर आला नाही. आठ वाजता गाडी पुढच्या झाडीकडे निघाली, तेवढ्यात हाफिजाचा फोन आला.

“अहो, आलाय. कठड्यावर इकडून तिकडे फिरतोय, घुबड शोधतोय. एकदम समोर. डोळासुद्धा दिसतोय. फोटो काढू?”

मुनीरने पुढे बघितलं. राजाभाऊ स्टिअरिंगवर ताल धरून होते. हा फोटो निघाला की नियम जिंकणार, गाडी इथूनच मागे वळणार, आणि रविवार सव्वाआठला संपणार.

“मुंग्या खातोय का?” त्याने हळूच विचारलं.

“खातोय.”

“खाऊ दे. खलास.” त्याने फोन ठेवला.

“कोण?” सुजीतने विचारलं.

“घरून. काही नाही.”

मुनीरची बोटं नकळत घुबडाच्या डोक्यावर गेली. टर्र्र्र्र.

राजाभाऊंनी गाडी कडेला घेऊन करकचून थांबवली. “ऐकलंत? आहे! इथेच कुठेतरी आहे!”

चारी काचा खाली गेल्या. चार माणसं चार खिडक्यांतून बाहेर वाकली, आणि मधल्या जागेवरून कुठल्याच खिडकीपर्यंत पोचता येत नव्हतं तरी मुनीरही मान उंच करून बघायला लागला.