वाळवणाचं गाव

श्यामलाबाईंनी एकतीस वर्षं न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात औषधं दिली आणि एकतीस वर्षं त्या कुरडयांसाठी झुरल्या. हसू नका. ज्याच्या कुरडया तिसऱ्या दिवशी बुरशीने हिरव्या होतात, त्यालाच ते दुःख कळतं. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, शिजवायचा, गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा, आणि मग आभाळाकडे बघत बसायचं. तिथला सूर्य म्हणजे सरकारी साहेब. आला तर आला, नाहीतर उद्या या. एका वर्षी बाईंनी हट्टाने खोली गरम करणाऱ्या हीटपंपाखाली कुरडया वाळवल्या, तर पडद्यांपासून नवऱ्याच्या कोटापर्यंत सगळ्या घराला महिनाभर आंबूस वास येत होता.

म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी न्यूझीलंडचा नकाशा पुढ्यात घेतला, सगळ्यांत कमी पाऊस कुठे पडतो ते शोधलं आणि तिथे बोट ठेवलं. अलेक्झांड्रा. दक्षिण बेटाच्या पोटात, डोंगरांच्या आड दडलेलं टीचभर गाव. भोवती उघडेबोडके खडक, रानटी थाइमची झुडपं आणि ससे. मकरंदरावांनी जन्मभर गवतावर संशोधन केलेलं. ते गाडीतून उतरले, चारी दिशांना बघितलं आणि म्हणाले, "श्यामला, इथे गवतच नाही गं."

"मग आता तुम्ही खरे रिटायर झालात," बाई म्हणाल्या.

सगळ्यांत मोठा विरोध केला तो मुलीने. देवयानी दूर उत्तर बेटावर, अल्बनीत राहते. नवरा, दोन मुली, आणि मागच्या अंगणात आईबाबांसाठी मुद्दाम बांधलेला ग्रॅनी फ्लॅट. पोरीचा जन्म इथलाच, त्यामुळे मराठी सगळं कळतं, पण बोलताना पाय घसरतो. फोनवर ती तावातावाने म्हणाली, "मम, सीरियसली, वाळवणात कोण राहायला जातं?"

तिला म्हणायचं होतं वाळवंट. पण श्यामलाबाई अशा खदखदून हसल्या की फोन मकरंदरावांच्या हातात द्यावा लागला. "अगं बाई, वाळवणातच चाललेय मी! तुझ्या तोंडात साखर पडो!"

देवयानीला काही हसू आलं नाही. तिने अट घातली. एक वर्ष. वर्ष संपलं की ती स्वतः येणार, बघणार, आणि तिचं समाधान झालं नाही तर दोघांनी मुकाट्याने ग्रॅनी फ्लॅटमध्ये यायचं. श्यामलाबाईंनी शब्द दिला. दिला आणि त्याच क्षणी जीभ चावली, पण शब्द तो शब्द.

आणि काय वर्ष गेलं म्हणता! धुणं तासाभरात कडकडीत वाळायचं. पापड सकाळी टाकले की संध्याकाळी डब्यात. हिवाळ्यात नळ गोठले, पण थंडी कोरडी, त्यामुळे बाईंचे गुडघे कुरकुरायचे थांबले. मकरंदराव नदीकाठाने सायकल मारायला लागले, आणि खडकांच्या फटीत उगवणाऱ्या तीन इंची गवताचे फोटो काढून जुन्या सहकाऱ्यांना पाठवायला लागले. रिकार्टनच्या भारतीय दुकानातून गव्हाचं पोतं आलं आणि पहिल्या कुरडया अशा पांढऱ्याशुभ्र वाळल्या की बाई त्यांच्यापुढे उभ्या राहून चक्क रडल्या.

शेजारच्या नोलीनने कुंपणावरून त्या बघितल्या आणि म्हणाली, "श्यामला, किती सुंदर क्रोशाकाम गं हे!" बाईंनी एक तळून तिच्या हातावर ठेवली. नोलीनने क्रोशाकाम खाल्लं आणि नवऱ्याला हाक मारली. नवरा ग्रॅहम, जन्मभर जर्दाळूंच्या बागा सांभाळलेला. त्याने दुसऱ्या दिवशी शेडमधून जर्दाळू वाळवायचे अकरा जुने लाकडी ट्रे काढून आणले आणि विचारलं, याला तुम्ही म्हणता काय?

"वाळवण," बाई म्हणाल्या.

"वॉलवन," ग्रॅहम म्हणाला. तेही चालण्यासारखं होतं.

मग बाईंनी त्यांना आपल्या सोलापूरचा कायदाही शिकवला. अंगणात वाळवण असताना आभाळ भरून आलं, तर ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचं, "वाळवण उचला!" आणि ज्याला ऐकू येईल त्याने हातातलं काम टाकून धावायचं. मग वाळवण कुणाचं का असेना. भांडण असेल तर ते नंतर पुढे चालू ठेवायचं. कोपऱ्यावरची डेअरी, म्हणजे तिथलं किराणा दुकान, चालवणारी श्रुती नाशिककडची, तिला हे माहीतच होतं. पण अलेक्झांड्राचं आभाळ असं की वर्षभरात ओरडायची वेळ कुणावर आलीच नाही.

जानेवारीच्या, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्याच्या, शेवटच्या आठवड्यात देवयानी आली. येताना अल्बनीची दोघांची तिकिटं काढूनच आली. श्यामलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बघायच्या आधीच निकाल लावलास होय गं?"

"मम, मी बघितलं ना. घर छान आहे, ऊन छान आहे, बाबांचं गवत छान आहे." देवयानीने कप खाली ठेवला. "पण तू पडलीस, बाबांना काही झालं, तर धावून कोण येणार? मला विमान पकडून यायला अर्धा दिवस लागतो. नाव सांग ना. कोण येणार?"

बाईंनी मनात नावं चाळली. नोलीन म्हणावं? ग्रॅहम? वर्षाची ओळख. सकाळी गुड मॉर्निंग म्हणणारी माणसं काय मध्यरात्री येतात? ते त्यांनाच ठाऊक नव्हतं, तर पोरीला काय सांगणार? मकरंदराव चष्मा पुसायला लागले, म्हणजे ते हरले होते. शब्द दिलेला होता. अंगणात अकरा ट्रे भरून कुरडया उन्हात पडलेल्या, अजून दीड दिवस लागणार होता, आणि त्या डब्यात भरायला आपण असू की नसू, कोण जाणे.

तेवढ्यात बाहेरून बैलाच्या आवाजात कुणीतरी ओरडलं, "वॉलवन उचला! वॉलवन उचला!"

श्यामलाबाई खुर्ची पाडून बाहेर धावल्या. डोंगरामागून काळा ढग चढून आला होता. ग्रॅहम कुंपणावर तंगडी टाकून अलीकडे येत होता, वय वर्षं चौऱ्याहत्तर. नोलीन एका पायात रबरी चप्पल, दुसरा पाय अनवाणी. श्रुती डेअरीचं दार सताड उघडं टाकून आलेली, आणि तिच्या मागे दूध घ्यायला आलेलं एक अनोळखी गिऱ्हाईकही.

"मम, काय झालं? फायर आहे का?" देवयानी किंचाळली.

"अगं ट्रे उचल आधी!"

तिने उचलला. चार मिनिटांत अकरा ट्रे गॅरेजात. सगळे धापा टाकत दारात उभे राहिले आणि पाऊस पडला. मकरंदरावांनी गाडीच्या बॉनेटवर मोजला, बारा थेंब. मग ढग पुढच्या डोंगरावर निघून गेला आणि पुन्हा लख्ख ऊन. नोलीन जी हसत सुटली, की ग्रॅहमला तिला धरावं लागलं. ट्रे पुन्हा बाहेर मांडले. त्या गिऱ्हाइकाने दूध विसरून दोन अर्धवट वाळलेल्या कुरडया खाल्ल्या आणि पुढच्या वेळी मलाही हाक मारा म्हणून सांगितलं.

देवयानी पायरीवर बसली होती. फोन काढून तिने दोन्ही तिकिटं रद्द केली आणि स्क्रीन आईला दाखवली.

"जिंकले!" श्यामलाबाईंनी दोन्ही हात वर केले. लाज नाही वाटली. का वाटावी? पासष्टाव्या वर्षी माणसाने आपलं गाव स्वतः निवडावं आणि ते मिळावं, याहून मोठी मजा असते का?

मग त्यांनी बघितलं, तर पोरगी रडत होती.

"मम, मी धावून कोण येणार विचारलं ना? ते तुमच्यासाठी नव्हतं. मुली लहान आहेत, नवरा सारखा टूरवर. आमच्या स्ट्रीटवर मला कुणाचं नावसुद्धा माहीत नाही. मला वाटलं, फ्लॅट बांधला की तुम्ही याल."

श्यामलाबाई तिच्या शेजारी टेकल्या. वर्षभर आपण हिच्याशी लढत होतो, आणि ही बिचारी हाक मारत होती. पण तिकिटं काढून मारलेली हाक ऐकू कशी येणार?

"वेडे, ओरडायचं असतं गं," त्या म्हणाल्या. "मला ये म्हण. मी मिळेल त्या विमानाने येईन, काम करीन, भांडेन, आणि घरी परत येईन. इथे, माझ्या घरी."

देवयानीने नाक पुसलं. "ऑल राइट. मग मार्चमध्ये ये. दोन आठवडे."

"तीन," श्यामलाबाई म्हणाल्या, "पण आधी जा, तुझ्या शेजाऱ्यांची नावं विचारून ये."