पाणी झोपवायला

ओजसला झोपवायचं म्हणजे आमच्याकडे अख्खं घर झोपवायचं. अडीच वर्षांचं हे ध्यान पूर्वी मध्यरात्रीपर्यंत डोंबिवलीची हवा खात गॅलरीत बसायचं. ठाण्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने सगळं करा, एकही दिवस चुकवू नका. मग मी क्रम लावला. दिवेलागणीला वरणभात, दूध, आणि मग घरभर फेरी. टीव्ही बंद करायचा, 'टीव्ही झोपला'. पंखा बंद करायचा, 'पंखा झोपला'. सगळ्यात शेवटी बेसिनचा नळ घट्ट करून 'पाणी झोपलं', की स्वारी उशीवर. महिन्याभरात पोरगं शहाण्यासारखं झोपायला लागलं आणि मी माणसांत आले.

सासूबाईंना ही सगळी थेरं वाटायची. "पोराला लष्करात भरती करायचंय का गं?" असं विचारायच्या. मी ऐकून न ऐकल्यासारखं करून नळ झोपवायचे.

माझ्या नणंदेचा, क्षिप्राचा, साखरपुडा खडवलीला होता, तिच्या सासरच्यांच्या फार्महाऊसवर. घराच्या मागेच नदी. दिवे लागले तसा ओजसने माझा पदर ओढला. "आई, झोपायचं." मी उठले तर सासूबाई म्हणाल्या, "हेमांगी, अगं ओटी भरायची आहे अजून. एक दिवस उशिरा झोपला तर काय आभाळ कोसळणार आहे?" बायका हसल्या. मीही हसून पुन्हा बसले.

ओटी भरून झाली आणि ओजस कुठे दिसेना.

आधी मी रागावलेच, नेहमीसारखी. टेबलांखाली वाकून पाहिलं. आचाऱ्यांकडे नव्हता. माझा नवरा सलिल गाडीत बघून आला, तिथेही नव्हता. तेवढ्यात मांडवातून कुणीतरी ओरडलं, "अरे, कूलर कोणी बंद केला?"

मी वळून पाहिलं. कूलरच्या बटणाचा बोर्ड जमिनीवरच ठेवलेला होता. आतल्या खोलीत काकामंडळी मॅच बघत बसली होती, त्यातले एक काका हसत मला म्हणाले, "तुझंच कार्टं आलेलं मघाशी. आमचा टीव्ही बंद केला आणि त्यालाच म्हणतो, झोपला!"

पोरगं हरवलं नव्हतं, मला शोधतही नव्हतं. ते एकटंच फेरीला निघालं होतं. आणि फेरीत शेवटी काय येतं, ते एवढ्या माणसांत आम्हा घरच्यांनाच ठाऊक होतं.

मागच्या अंगणात हात धुवायचा नळ होता. तिथे धावले. नळ बंद होता, आसपास कोणी नव्हतं. पण पाण्याचा आवाज येतच होता. मागचं फाटक उघडं होतं.

पुढचं मला धड आठवत नाही. मी किंचाळत होते असं सलिल सांगतो. मला वाटत होतं की मी मनातल्या मनात म्हणतेय, देवा, काहीही घे, माझं काहीही घे. साडी पायात येत होती. शेवाळलेल्या दगडांवर दोनदा आपटले.

तो कडेलाच उभा होता, घोटाभर पाण्यात. हात पुढे करून नदीला दटावत होता, "झोप! झोप!" मी त्याला उचलून असा आवळला की तो रडायलाच लागला. "पाणी झोपत नाही," तो हुंदके देत म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून रोजच्यासारखा झोपून गेला. तो ओलागच्च होता. मीही भिजले होते, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही.

सासूबाई मागून धापा टाकत आल्या होत्या. घरात नेऊन त्यांनीच त्याला माझ्याकडून घेतलं आणि कपडे काढले. मला त्याचं एक बटणही सुटेना. "सापडला ना, आता रडू नकोस," त्या मला समजावत होत्या. बोलता बोलता त्या टॉवेलने त्याचं डोकं पुसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

त्यांनी टॉवेल माझ्यापुढे धरला. ओजसच्या केसांत, कानात, नाकपुडीच्या आत नदीची बारीक रेती होती.

मी गेले तेव्हा तो उभा होता. त्याआधी तो एकदा पाण्याखाली जाऊन आला होता.