द्वारकाबाईंचा पाहुणचार

परातीतल्या ज्वारीच्या पिठात तनुजानं मुद्दाम थंड पाणी ओतलं आणि मान खाली घालून ती पीठ मळू लागली. पीठ जुनं होतं. जुन्या पिठाला आधणाचं पाणी लागतं, नाहीतर भाकरी थापताना कडेनं फाटते, हे तिला आता झोपेतही सांगता आलं असतं. ओट्यासमोर स्टँडवर फोन लावलेला होता आणि त्याच्यामागे तिचा नवरा ऋतुराज श्वास रोखून उभा होता. दोघंही सासूबाईंनी तोंड उघडायची वाट बघत होती.

"अगं ए तने!" द्वारकाबाई कडाडल्या. "डोळे फुटले का तुझे? थंड पाण्यात मळायलीस? भाकर करायलीस का भिंत लिंपायलीस? तुझ्या आईनं तुला शिकवलं तरी काय गं, नुसतं मोबाइल पुसायला?"

ऋतुराजनं अंगठा वर केला. आजचं काम झालं होतं.

द्वारकाबाईंचं मात्र झालं नव्हतं. त्यांनी परात ओढून घेतली, कढत पाणी घातलं, सुनेचे दोन्ही हात आपल्या हातात धरले आणि तळव्याचा जोर कुठे द्यायचा ते पीठ मऊ येईपर्यंत दाखवलं. भाकरी तव्यावर टम्म फुगली.

"आता कशी जमली! माझ्यापरीस गोल आली बघ."

संध्याकाळी तनुजानं हा सगळा भाग कापून टाकला.

चॅनल सुरू झालं तेव्हा असं नव्हतं. नाव होतं 'द्वारकाबाईंची चूल'. चिकलठाण्याच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात चूल कुठली, गॅसच होता, पण नाव कानाला बरं वाटायचं. बघणारे सगळे नात्यातले, तेही दोनदा आठवण केल्यावर. मग एकदा शेंगदाणे करपले, द्वारकाबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला आणि ऋतुराजनं घाईत तो व्हिडिओ तसाच चढवला. सकाळी बघतात तो अनोळखी माणसांची जत्रा लोटलेली. 'अशी सासू वैऱ्यालाही नको.' 'म्हातारीचा पुढचा भाग कधी?' लोकांना रेसिपी नको असते, दुसऱ्याच्या घरातलं भांडण हवं असतं. त्यात नवल ते काय? नाव बदलून 'सासूचा ठेचा' झालं आणि तनुजा दर रविवारी एक चूक ठरवून करू लागली.

आता लाख सदस्यांना थोडेच कमी होते. लाख झाले की बक्षीस म्हणून चांदीचं बटण घरी येतं. त्यासाठी बैठकीच्या भिंतीवर खिळा ठोकून ठेवला होता. डी.एड. करून घरी बसलेल्या तनुजाला त्या खिळ्यावर स्वतःच्या कमाईचं काहीतरी टांगलेलं बघायचं होतं. येता-जाता ती त्या खिळ्याकडे बघायची.

द्वारकाबाईंकडे साधा, बटणांचा फोन. बघणारे वाढले म्हणजे शिकणाऱ्या पोरी वाढल्या, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्याचा त्यांना अभिमानही होता.

मग द्वारकाबाई भावाच्या मुलीच्या, राजनंदिनीच्या लग्नाचं येसर, म्हणजे आमटीचं मसाल्याचं पीठ, दळायला माहेरी, पिशोरला गेल्या. लग्न उरकूनच येणार होत्या. पण दुसऱ्याच दिवशी दुपारी दारात उभ्या. नवी इरकल पिशवीत घडी न मोडता तशीच होती. पाणीसुद्धा न पिता त्या टीव्हीसमोर बसल्या.

"त्या भाकरीचं लाव," त्या मुलाला म्हणाल्या.

ऋतुराजनं लावलं. मोठ्या पडद्यावर द्वारकाबाई कडाडल्या, मागून ढोल वाजला, सुनेच्या खाली झुकलेल्या चेहऱ्यावर चित्र थांबलं आणि संपलं.

"पुढचं कुठंय?"

"पुढचं काय, आई?"

"मी तिचा हात धरला. शिकवलं. गोल आली म्हनले. ते कुठंय?"

"ते कुणी बघत नाही, आई," तनुजा म्हणाली.

द्वारकाबाई पडद्याकडेच बघत राहिल्या.

"जातं मांडलं. सवाष्णी बसल्या. लग्नाच्या येसराची पहिली मूठ आत्याची असती आमच्याकडं. माझ्या लग्नात माझ्या आत्यानं घातली. थोरल्या भाचीच्या येळंला मी घातली. काल मी सुपात हात घातला, तर सत्यभामानं सूपच उचललं." सत्यभामा म्हणजे त्यांची भावजय. "म्हनली, आक्का, तुम्ही ऱ्हाऊ द्या, नवरीला सासुरवासाची नजर नको. साऱ्या बाया खाली बघून हसल्या. ज्या घरात मी जन्मले, त्या घरात!"

तनुजाला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचाच तिला राग आला.

"पण शब्द तर तुमचेच ना?" ती म्हणाली. "मी का तुमच्या तोंडात घातले? माझी आई हर्सूलला बसून हेच बघते. तिनं मला काय शिकवलं, ते साऱ्या दुनियेनं ऐकलं. तिनं कुठं जाऊन सांगायचं?"

"बोलले मी. पर तुला बोलले. घरातलं बोलणं तू वेशीला टांगलंस." द्वारकाबाई मुलाकडे वळल्या. "काढून टाक ते सगळं. आत्ताच्या आत्ता."

"आई, लाखाला आलोय गं. एवढे होऊ दे, मग काढतो. खरंच."

द्वारकाबाईंनी आधी मुलाकडे, मग सुनेकडे बघितलं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि पाय धुवायला गेल्या.

त्यांनी एका शब्दावर भागवलं, तिथंच दोघांनी ओळखायला हवं होतं. पण सुटलो म्हणून ती दोघं खूश होती.

रविवारी द्वारकाबाई तीच नवी इरकल नेसून स्वयंपाकघरात आल्या. ऋतुराजनं फोन चालू केला. तनुजानं ठरल्याप्रमाणे आमटीत दुसऱ्यांदा मीठ टाकलं. द्वारकाबाईंनी तळहातावर थेंब घेऊन चव बघितली.

"लई झ्याक झाली," त्या म्हणाल्या. "बसा तनुजाबाई. दमला असाल."

त्यांनी पाट मांडून पदरानं पुसला. वरच्या फळीवरचं काठाचं ताट काढलं. ती ताटं फक्त पाहुण्यांसाठी उतरायची. सुनेला हाताला धरून बसवलं, हळदीकुंकू लावलं, तांब्याभांडं पुढे ठेवलं आणि ती खारट आमटी भातावर वाढली.

"आई, असं काय करताय?"

"आलेल्या मानसाला वाढू नाय का? घ्या. लाजू नका."

फोनसमोर उठता येईना, म्हणून तनुजानं तो खारट घास गिळला. ऋतुराजनं फोन बंद केला. तनुजा ताट उचलायला वाकली, तर द्वारकाबाईंनी ते आधीच उचललं होतं.

"ऱ्हाऊ द्या. पाव्हण्याला उष्टी काढायला लावायची रीत नाय आमच्यात."

"आता फोन बंद झालाय, आई."

"व्हय, दिसतंय की."

दुसरं काही नव्हतं, म्हणून तोच व्हिडिओ चढवला. भरवशाच्या म्हशीला टोणगा! 'म्हातारीला काय झालं?' 'मजा गेली.' पुढच्या रविवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. लाखाकडे चढणारा आकडा थांबला आणि मग उतरायला लागला. कंटाळेल आणि येईल ताळ्यावर, असं ऋतुराज म्हणत राहिला. द्वारकाबाई कंटाळल्या नाहीत. सकाळी सुनेच्या हातात चहाचा कप आयता यायचा, बशीत दोन बिस्किटं. आंघोळीचं पाणी काढलेलं असायचं. तनुजा भांड्यांना हात लावायला गेली की, "नका, तुमचे हात खराब व्हतील." आवाजात राग नव्हता. इतकं गोड कुणी तिच्याशी माहेरीही बोललं नव्हतं. त्या घरात कुठे उभं राहावं, हेच तिला कळेनासं झालं.

एका सकाळी ऋतुराज कामावर गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. स्टँड कपाटामागे मिटून ठेवलेला होता, फोन आत पलंगावर. द्वारकाबाई खिडकीपाशी मेथी निवडत होत्या. तनुजानं परातीत पीठ घेतलं, आणि सासूला दिसेल असं उभं राहून त्यात थंड पाणी ओतलं.

ती मळत राहिली. भाकरी थापली, कडेनं फाटली. तशीच तव्यावर टाकली, तर उलटताना तिचे दोन तुकडे झाले. तनुजा मान खाली घालून थांबली. तिच्या मानेपासून पाठीपर्यंत सगळं अंग कान होऊन ऐकत होतं.

द्वारकाबाई उठल्या. जवळ आल्या. तव्यावरचे तुकडे बघून त्यांचे ओठ हलले, हात परातीकडे गेला आणि कडेशीच थांबला.

मग त्यांनी हात पदराला पुसला, गॅस बारीक केला आणि टाचा उंचावून वरच्या फळीवरचं काठाचं ताट काढलं.

"लई छान झालीय," त्या म्हणाल्या. "बसा, वाढते."