अकराव्या घरचे उत्तर

“पण वाघाले नावेत कायले घ्या लागते?” भाकर थापता थापता मैनाबाईने विचारले. “राहू द्या ना त्याले अलीकडंच.”

“माय, तसं नाई चालत. वाघ, बकरी अन् गवत, तिन्ही पार न्याचे हायेत. नावेत एका वक्ती एकच.”

“मंग तुहे गुरुजी वाघ पाळतेत का काय?”

शकुन खुदकन हसली. परीक्षा जवळ आली की वामनराव गुरुजी सातवीच्या वर्गाला असलीच कोडी घालत. मैनाबाईला त्यातले फारसे कळत नसे. पण पोरगी चुलीपाशी बसून बोलते, याचेच तिला सुख होते. आणि हे सुख आता थोड्या दिवसांचे, हेही तिला ठाऊक होते. सातवीपुढची शाळा अमरावतीला होती. सूर्यभानने, शकुनच्या बापाने, तिवस्याच्या एका घरी तिच्या लग्नाची बोलणी चालवली होती.

“आज दुसरं काय दिलं?”

“पाहनी. प्रश्न आपला आपन ठरवाचा, दहा घरी विचाराचा, अन् त्यावरून बाकी गावाचा अंदाज सांगाचा. कोनी चहाचं विचारलं, कोनी बैलाईचं.”

“अन् तू?”

शकुन वहीकडे पाहत राहिली. “पोरीले सातवीच्या म्होरं शिकवान का, असं.”

मैनाबाईचा हात थांबला. “मंग? काय म्हनले लोकं?”

“दहाच्या दहा घरी नाई म्हनले.” मग हळूच ती म्हणाली, “म्हनून आपल्या घरी विचारलंच नाई. गुरुजी म्हनते, दहा सारखे आले का अकराव्याचा अंदाज बांधता येते. मी आपल्या घराचं ‘नाही’ लिवून टाकलं.”

तव्यावरची भाकर करपली. मैनाबाईला पोरीचा रागही आला आणि गलबलूनही आले. जे घरात विचारायला धजत नव्हती, ते ही पोर उन्हातान्हात दारोदार विचारून आली होती. पण मैनाबाईला तरी आजवर कोणी काय विचारले होते? दुसरीतून शाळा सोडवली तेव्हा नाही, लग्न ठरले तेव्हा नाही, बैलजोडी बदलली तेव्हाही नाही. ती काय म्हणेल याचा अंदाज बांधून सगळे मोकळे होत. आणि तो अंदाज तिने कधी चुकू दिला नव्हता.

“विचार मले,” ती म्हणाली.

“काय?”

“परक्याले विचारलं तसं विचार. धड उभी राहून.”

शकुन उठली, परकर झटकला. तिचा आवाज बारीक झाला. “मैनाबाई, तुमच्या पोरीले सातवीच्या म्होरं शिकवान का?”

“हो.” वहीकडे बोट दाखवून मैनाबाई पुन्हा म्हणाली, “हो. लिव.”

शकुनने ‘नाही’ खोडले आणि वर पाहिले, तर दारात सूर्यभान उभा. शेतातून आला तसाच, पायाला माती. त्याने सगळे ऐकले होते. शकुन भिंतीला चिकटली.

  आता आपण शब्द फिरवला तर ही पोर पुन्हा कधी कोणाला काही विचारणार नाही, एवढे मैनाबाईला कळत होते. तिने मान खाली घातली नाही.

“तिवस्याचे मानसं परवा येनार हायेत,” तो म्हणाला.

“ठाव हाये मले.”

तो उंबऱ्यावर टेकला, टाचेची माती उगाच उकरत राहिला. “मंग त्याईले काय सांगू?”

तिला आधी टोमणाच वाटला. पण तो तिच्याकडे पाहत होता, उत्तरासाठी थांबला होता. मैनाबाईने चुलीतले लाकूड मागे ओढले, पिठाचे हात पुसले.

“चहा पाजा त्याईले,” ती म्हणाली, “अन् सांगा, पोरीची माय नाई म्हनते.”

सूर्यभानने मान हलवली आणि हातपाय धुवायला तो न्हाणीकडे गेला.