हलवा खाल्ला म्हणजे मिटलं

शब-ए-बरातच्या दिवशी दुपारी मदारभाई आतार घरी आला, तेव्हा हलव्याची कढई रिकामी होती आणि बायको रहिमतबी हात धूत होती.

"सगळ्यांना पोचला?"

"पोचला की. एकोणीस घरं."

आळीत घरं अठराच होती. एकोणिसावं वळणापलीकडचं, सोपानरावाचं.

मदारभाईच्या कपाळावरची शीर उडायला लागली. याच सोपानरावानं पंधरवड्यापूर्वी नांगरता नांगरता चाकणच्या कबरस्तानाच्या कडेच्या चार कबरी आपल्या शेतात घेतल्या होत्या आणि वर नवा दगडी बांध घातला होता. त्या चारांत मदारभाईची आई होती. पिंपरीला कारखाना उभा राहायला लागल्यापासून सोपानरावाची खात्री झाली होती, की आज ना उद्या कारखाने चाकणपर्यंत येणार. आल्यावर त्यांना जागा कमी पडू नये एवढीच त्याची तळमळ. उद्या सकाळी पोलीस पाटील नानासाहेब जागेवर येऊन निकाल देणार होते.

"त्याच्या घरी हलवा? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आज कुणाला वगळता येतं होय? मनात अढी ठेवणाऱ्याची दुआ आज कबूल होत नाही, हे दरवर्षी तुम्हीच सांगता. अम्मासुद्धा द्यायच्या त्यांच्या घरी."

"अम्मा द्यायची तेव्हा तिच्यावरनं नांगर फिरला नव्हता!"

पायताण उलटंसुलटं घालूनच तो चावडीकडं निघाला. चावडीत सोपानराव मिशीतली चारोळी जिभेनं शोधत बसला होता.

"या मदारभाय! हलवा झ्याक झालता. नानासाहेब, मी सांगत न्हवतो? मिटलं आमचं. आज यांचा माफीचा दिस. यांनी हलवा धाडला म्हंजी माफ केलं, अन् आमी खाल्ला म्हंजी माफी घेतली."

उद्याची उन्हातली चक्कर वाचली म्हणून नानासाहेबांचा चेहरा खुलला. "वा! असं पाहिजे. मदारभाई, सणाच्या दिवशी नाही म्हणू नका."

तो हलवा सोपानरावाच्या पोटातून खरवडून काढावा असं मदारभाईला वाटलं. नाही म्हणावं तर सणाचा अपमान त्याच्या माथी, आणि हो म्हणावं तर आई कायमची सोपानरावाच्या सातबाऱ्यात. चावडीतली दहा-बारा माणसं त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"माफ," तो म्हणाला. "माझं जे काय बिघडवलं असेल ते सगळं माफ."

"बघा!" सोपानरावानं मांडीवर थाप मारली.

"पण नांगर माझ्यावरनं कुठं फिरवलात तुम्ही? ज्याचं बिघडवलं, माफी त्याचीच मागायची. त्यात अल्लासुद्धा मधे पडत नाही. चला, अम्माची मागा."

"मेलेल्या मानसाची?"

"आजच्या रातीला आम्ही त्यांच्याकडंच जातो. आमचा सण तुम्हाला पाठ आहे ना? मग अर्ध्यात कशाला सोडता? का हलव्यापुरताच पाठ आहे?"

कुणीतरी फिसकन हसलं. "जावा की सोपानराव, खाल्लाय न्हवं?" नानासाहेबांनी नाइलाजानं टोपी चढवली.

दिवस कलला होता. ढेकळांत उभं राहून सोपानरावानं हात जोडले, इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"कुठं हाय ती? कुनीकडं तोंड करू?"

"ते मी तुम्हाला विचारतोय! उशाला काळा दगड होता, कोपरा तुटलेला. मी स्वतः लावलेला. कुठं गेला?"

सोपानरावानं जोडलेले हात सोडले. सगळ्यांची नजर हळूहळू नव्या बांधाकडं वळली.

"म्हंजी... दगड दिसला, लावला," तो पुटपुटला. "मला काय म्हाईत कुनाचा."

नानासाहेबांनाही आता आपल्या शेतातली आजीची समाधी आठवली असावी. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "काढ!"

सोपानराव वाकला. वरचे दगड निघाले, मधले निघाले. तुटक्या कोपऱ्याचा काही निघेना. दिवस बुडाला, मगरिबची अजान झाली. फुलांची परडी घेऊन लोक कबरस्तानात येऊ लागले आणि बांधापाशी थबकू लागले. सोपानरावाची बोटं सोलवटली, धाप लागली. एकदा त्यानं मान वर करून मदारभाईकडं बघितलं. अशा वेळी माणसं "राहू द्या आता" म्हणतात.

"खालचा थर राहिलाय," मदारभाई म्हणाला.